दोराचे दुसरे टोक



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या युवा मंडळाची आठ-दहा मुलेमुली आमच्याकडे आली. सुट्टीत चिखलदऱ्याला तीन दिवसांचे शिबिर घ्यायचा त्यांचा बेत आहे. प्रार्थना, गाणी, शेकोटी हे सगळे आहेच. पण खरे आकर्षण वेगळे. कड्यावरून दोरीच्या आधाराने खाली उतरायचे, दरीवर ताणलेल्या तारेवरून घसरत पलीकडे जायचे. "फादर, त्यानं भेव निघून जाते, कॉन्फिडन्स येते," असे त्यांच्या म्होरक्याने आम्हाला समजावले.

दोन दिवसांनी काही पालक आले. त्यांचे म्हणणे असे की, पोरांनी हातपाय मोडून घेतले तर पेरणीच्या कर्जात दवाखान्याच्या कर्जाची भर. एका बाबांनी तर स्पष्टच विचारले, "आन् पोरीले कोन धाडते कड्यावर?" जाताना सर्वांनी निर्णय आमच्यावर सोपवला. मुलांनाही वाटले फादर आपल्या बाजूचे, पालकांनाही वाटले फादर आपल्या बाजूचे.

आम्ही हो किंवा नाही म्हणण्याआधी थोडा वेळ मागून घेतला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाची ही खोड आहे, ती आपण सांभाळून घ्यावी. प्रश्न वाटतो तितका लहान नाही. स्वतःहून ओढवून घेतलेल्या धोक्याने माणूस खरेच धीट होतो का? होत असेल, तर ते धैर्य आयुष्यात दुसरीकडे उपयोगी पडते का? आणि देवाने दिलेला जीव असा पणाला लावण्याचा आपल्याला अधिकार तरी आहे का? या तीन प्रश्नांवर आम्ही जो विचार केला तो आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

विहीर आणि वेली

साहसी खेळ हा शब्द नवा आहे, गोष्ट नवी नाही. आपल्या शिवारातल्या संत्र्याच्या बागांमध्ये ज्या जुन्या विहिरी आहेत, त्यांना विचारा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला रिकामा डबा आणि कमरेला दोर बांधून याच विहिरींमध्ये आपल्यापैकी कितीतरी जण पोहायला शिकले. आमचे बालपण मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेले, तिथेही हीच पद्धत होती. विहिरीचा काठ आणि पाणी यांत दोन पुरुष अंतर असेल, आम्हाला ते वीस पुरुष वाटायचे. इतर मुलांचे बाप त्यांना सरळ ढकलून देत. आमचे बाबा ढकलत नसत. दोराचे दुसरे टोक मनगटाला गुंडाळून ते उभे राहत आणि म्हणत, "तुला वाटेल तेव्हा." तीन दिवस आम्ही काठावर बसून रडलो. चौथ्या दिवशी डोळे मिटून उडी मारली. नाकातोंडात पाणी गेले, क्षणभर काही कळेना; मग कमरेचा दोर ताणल्यासारखा वाटला आणि बाबा वर आहेत हे कळले. पंधरा दिवसांनी दोर सुटला, मग डबाही सुटला.

प्रशांत महासागरात वानुआतू नावाचा देश आहे. त्याच्या पेन्टेकॉस्ट बेटावर पुरुष आणि मुलगे लाकडी मनोऱ्यावरून घोट्यांना वेली बांधून जमिनीकडे झेप घेतात. हा त्यांचा सुरणासारख्या कंदाच्या पिकाशी जोडलेला जुना विधी आहे. मनोरा गावातली माणसे बांधतात, वेल किती लांब आणि किती ओली हवी हे जाणती माणसे ठरवतात. याच विधीवरून स्फूर्ती घेऊन १ एप्रिल १९७९ रोजी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथील क्लिफ्टन पुलावरून काही तरुणांनी रबरी दोर बांधून उड्या मारल्या, आणि १९८८ साली न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनजवळ तिकीट काढून उडी मारण्याची सोय झाली. तोच बंजी जंपिंगचा धंदा आज जगभर पसरला आहे. बेटावर उडी मारणाऱ्याच्या मागे अख्खे गाव उभे असते. तिकिटाच्या उडीत मागे एक यंत्रणा असते आणि पुढे कॅमेरा असतो. उडी तीच, पण तिचा अर्थ तोच राहतो का, हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

भीती कशी विरते

मुलांचे म्हणणे निराधार नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या एका लहान मुलाविषयी लिहिले. त्याला सशाची भीती वाटे. त्यांनी त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि त्याच वेळी सशाचा पिंजरा थोडा थोडा जवळ आणायचा, असा क्रम ठेवला. शेवटी तो ससा हातात घेऊन कुरवाळू लागला. पुढे १९५८ साली जोसेफ वोल्पे यांनी याच वाटेने उपचाराची एक शिस्तशीर पद्धत मांडली. भीतीच्या विकारांवर आजही डॉक्टर याच तत्त्वाचा आधार घेतात.

यामागचे कारण समजायला सोपे आहे. भीती पळण्यावर पोसली जाते. आपण काठावरून माघारी फिरलो की जिवाला लगेच बरे वाटते, आणि मन टिपून ठेवते: पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती अधिक मोठी होते. याउलट थोडा वेळ तिथेच थांबलो, छातीची धडधड सोसली, तर ती आपोआप ओसरते आणि मन दुसरी नोंद करते: थांबलो, तरी वाचलो. अशा नोंदी साठत गेल्या की भीतीचे वजन घटते. मात्र पायरी-पायरीने जावे लागते. ज्या मुलाला विहिरीत ढकलून दिले जाते, तो कधी पोहायला शिकतो, तर कधी जन्मभर पाण्याजवळ जात नाही.

आत्मविश्वासाबद्दल अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक महत्त्वाचा लेख लिहिला. 'मला हे जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो असे ते म्हणतात. सर्वांत भक्कम वाट म्हणजे ते काम स्वतः करून पाहणे. दुसरी, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणे. तिसरी, दुसऱ्याने दिलेला धीर. चौथी, आपल्या शरीराची अवस्था नीट वाचणे. म्हणजे धडधडते आहे याचा अर्थ आपण हरलो असा नाही, हे ओळखणे. कड्यावरून उतरताना या चारही वाटा एकत्र येतात. म्हणून मुलांच्या पहिल्या प्रश्नाला आमचे उत्तर 'होय' असे आहे. धोका नीट बांधलेला असेल आणि पायऱ्या नीट आखलेल्या असतील, तर अशा खेळाने भीती कमी होते आणि विश्वास वाढतो.

पण बँडुरांच्याच विचारात एक मेख आहे. हा विश्वास बहुतांशी त्या त्या कामापुरता असतो. कड्यावर आलेला विश्वास कड्याबाबतचा असतो. तो वर्गात, घरात, दवाखान्यात, मुलाखतीच्या खोलीत आपोआप येईलच असे नाही. ही गोष्ट आम्ही पुस्तकातून नव्हे, अनुभवातून शिकलो. ती सांगताना आम्हाला संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे.

आमची एक कबुली

पुण्यात तत्त्वज्ञान शिकत असताना आम्ही सोबत्यांबरोबर सह्याद्रीत भटकत असू. लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या कड्यावरून दोरीने उतरलो, तो दिवस आजही आठवतो. पाठ दरीकडे करून, पाय कड्यावर रोवून पहिले पाऊल मागे टाकायचे असते. ते एक पाऊल टाकले की पुढचे सोपे. खाली पोचल्यावर वाटले, आता आपल्याला जगात कशाची भीती नाही.

काही वर्षांनी गुरुदीक्षा झाली आणि विदर्भातल्या एका गावात नेमणूक झाली. त्या पावसाळ्यात चर्चजवळच्या वस्तीतल्या एका शेतकऱ्याने विष घेऊन आपला जीव संपवला. तो आपल्या धर्मग्रामातला नव्हता, पण येता-जाता रामराम करणारा होता. घरी बायको आणि दोन लहान मुली. आम्ही त्या घरी जायला हवे होते. आम्ही गेलो नाही. पहिल्या दिवशी वाटले, आज नातेवाईक असतील. दुसऱ्या दिवशी वाटले, पोलीस असतील. तिसऱ्या दिवशी आम्ही एक बैठक शोधून काढली. नागफणीवरून उतरलेल्या माणसाचे पाय एका मातीच्या अंगणात शिरायला तयार नव्हते. त्या बाईसमोर काय बोलावे, हे आम्हाला माहीत नव्हते, आणि गप्प बसण्याची भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी आपल्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्या आजी आल्या. आम्ही आमची अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "फादर, तिथं बोलाले काई लागत नाई. बसाले लागते." आणि त्या आमच्यापुढे चालू लागल्या. आम्ही त्यांच्या मागून गेलो, ओसरीवर तासभर बसलो, एक कप काळा चहा प्यालो आणि परत आलो. बोललो जवळजवळ काहीच नाही. पण त्या दिवसापासून अशा अंगणात शिरायला आम्हाला चार दिवस लागले नाहीत. आजींनी कधी कडा पाहिला नव्हता. त्या दिवशी दोराचे दुसरे टोक त्यांच्या हाती होते.

भित्र्या माणसाची गोष्ट

आपल्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. १९३६ साली तिथे राहायला आलेल्या महात्मा गांधींना सारे जग निर्भय म्हणून ओळखते. पण आत्मकथेत त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, लहानपणी त्यांना चोरांची, भुतांची, सापांची भीती वाटे आणि दिव्याशिवाय झोप येत नसे. कस्तुरबांना तसली भीती नव्हती, याची त्यांना लाज वाटे. बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या न्यायालयात पहिल्या खटल्यात ते उलटतपासणीसाठी उभे राहिले, डोके गरगरले, एकही प्रश्न सुचला नाही आणि ते खाली बसले. अशिलाचे काम त्यांनी दुसऱ्या वकिलाकडे सोपवायला सांगितले.

मग हा माणूस बोलू कसा लागला? १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर त्यांना गाडीतून उतरवण्यात आले. थंडीत कुडकुडत काढलेल्या त्या रात्री त्यांनी परत न जाण्याचे ठरवले. पुढे प्रिटोरियात तिथल्या हिंदी लोकांना जमवून ते बोलले. आपल्या आयुष्यातले हे पहिले जाहीर भाषण म्हणता येईल, असे त्यांनी लिहिले आहे. मुंबईत ज्याला एक प्रश्न विचारता आला नाही, त्याला तिथे बोलता आले, कारण आता बोलायला काहीतरी होते आणि ज्यांच्यासाठी बोलायचे ती माणसे समोर होती. भीती जिंकावी म्हणून ते उभे राहिले नव्हते. ज्यासाठी उभे राहिले ते भीतीपेक्षा मोठे होते.

धैर्य आणि धाडस

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी फार पूर्वी हा फरक केला आहे. त्यांच्या मते धैर्य हे भित्रेपणा आणि बेफिकिरी यांच्या मधले असते. ज्याला भीतीच वाटत नाही तो धीट नव्हे. त्याला एक तर धोका कळलेला नाही किंवा त्याचे भान सुटलेले आहे. धीट माणसाला भीती वाटते, पण योग्य गोष्टीची, योग्य प्रमाणात. आणि चांगल्या हेतूसाठी तो तिथे टिकून राहतो. केवळ सवयीमुळे निडर दिसणाऱ्यांविषयी ते सावध करतात. सरावलेला शिपाई ओळखीच्या धोक्यात छान लढतो; धोका त्याच्या सरावापेक्षा मोठा झाला की आधी तोच पळतो. आमच्या नागफणीचे आणि त्या अंगणाचे हेच झाले.

संत थॉमस अक्वायनस यांनी यात फार मोलाची भर घातली. धैर्याची मुख्य कृती हल्ला करणे ही नसून टिकून राहणे ही आहे, असे ते शिकवतात. हल्ला करणाऱ्याला वाटते आपण बलवान आहोत. सोसणाऱ्याला धोका अंगावर आलेला असतो आणि तो लवकर संपतही नाही. उडी काही क्षणांची असते, तिला टाळ्या मिळतात. सोसणे वर्षानुवर्षांचे असते, ते कुणी पाहतही नाही.

हे ऐकताना आम्हाला आपल्याच धर्मग्रामातली माणसे आठवतात. पंपाची वीज रात्री येते म्हणून अंधारात ओलिताला जाणारा शेतकरी. रानडुकरांपासून पीक राखायला मचाणावर जागलीला बसणारा म्हातारा. सिकलसेलच्या मुलाला घेऊन महिन्याच्या महिन्याला दवाखान्याची एसटी पकडणारी आई. यांच्या गळ्यात कुणी पदक घालत नाही. प्रिय तरुणांनो, धैर्य शिकायला चिखलदऱ्याला जरूर जा. पण त्याचे काही जुने मास्तर आपल्या घरातच आहेत हे विसरू नका.

मंदिराचे शिखर

आता अधिकाराचा प्रश्न. शुभवर्तमानात उंचावरून उडी मारण्याचा एक प्रसंग आहे. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, असे तो शास्त्राच्या आधारे सांगतो. हाच येशू पुढे गेथशेमानी बागेत भीतीने व्याकूळ होतो, हा प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो आणि तरीही पुढे जातो. शिखरावरची उडी त्याने नाकारली, क्रुसाची वाट स्वीकारली. धोका दोन्हीकडे होता. एकीकडे तो फक्त स्वतःला सिद्ध करण्यासाठी होता, दुसरीकडे प्रेमासाठी.

ही कसोटी हाती घेतली की बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतात. अप्पर वर्धा धरणाचे दरवाजे उघडले की पाण्याच्या तोंडाशी जाऊन मोबाईलवर फोटो काढणारी मुले आपण पाहतो. तिथे दोर नाही, शिकवणारा नाही, सराव नाही. आहे ती फक्त पाहणाऱ्यांची भूक. ते धैर्य नव्हे.

दहीहंडीचे उदाहरण अधिक नाजूक आहे. आपल्या शेजाऱ्यांचा हा सण आम्हालाही आवडतो. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. थरांमध्ये महिनोन्महिन्यांचा सराव असतो, खालच्या थरातली मुले वरच्याचे सारे वजन खांद्यावर घेऊन स्तब्ध उभी राहतात. संत थॉमस यांना ती नक्की आवडली असती. पण बक्षिसाच्या रकमा वाढल्या तसे थर वाढले, आणि सर्वांत वर सर्वांत लहान मूल चढू लागले. म्हणून २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने उंची २० फुटांवर आणि किमान वय १८ वर्षांवर बांधून घातले. २०१७ साली उंचीची ती अट निघाली आणि वयाची मर्यादा १४ वर आली. कायद्याचा काटा इकडे-तिकडे होईल. नैतिक प्रश्न तोच राहतो: धोका पत्करणारा स्वतः समजून 'हो' म्हणाला आहे, की कुणाच्या तरी करमणुकीसाठी त्याला वर चढवले आहे?

जीव देवाने दिला आहे तो तिजोरीत ठेवायला नव्हे, तसा उधळायलाही नव्हे. १९२२ ते १९३९ या काळात पोप असलेले अकरावे पायस तरुणपणी पट्टीचे गिर्यारोहक होते. १८८९ साली त्यांनी आल्प्समधला मोंते रोझा हा अवघड पर्वत सर केला होता. तेव्हा डोंगर चढणे हे पाप आहे अशी भीती कुणी बाळगू नये.

पाच जण आणि पाच जण

आपल्या विदर्भातलीच एक गोष्ट आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांत शिकणारे १० विद्यार्थी २०१८ साली 'मिशन शौर्य' या शासकीय उपक्रमातून एव्हरेस्टवर गेले. त्या मे महिन्यात त्यांच्यातल्या पाच जणांनी ८,८४८ मीटर उंचीचे ते शिखर गाठले. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगीही होती. दार्जिलिंग आणि लडाखच्या थंडीत झालेला सराव, शिकवणारे, वाटाडे शेर्पा, एवढे सगळे त्या पाऊलांच्या मागे होते. पेन्टेकॉस्टच्या मनोऱ्यामागे गाव उभे असते, तसे. ज्या पोरांकडे जगाने 'यांना काय जमणार' म्हणून पाहिले, त्यांना पाहून शेकडो मुलांना वाटले असेल, आपल्यालाही जमेल. बँडुरांची दुसरी वाट ती हीच.

पण आम्हाला उरलेल्या पाच जणांविषयीही बोलायचे आहे. त्यांचे सत्कार कमी झाले असतील. पर्वतावर परत फिरणे हे कधी कधी चढण्यापेक्षा कठीण असते, कारण तिथे भीतीशी नव्हे तर मानाशी लढावे लागते. जे शिखरावर पोचले नाहीत त्यांना आम्ही कमी धीट मानत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, कुर्ट हान या शिक्षकाने वेल्समध्ये तरुण खलाशांसाठी एक शाळा काढली. जहाज बुडाल्यावर तरुण खलाशी लवकर हार मानतात आणि वयाने मोठे तग धरतात, असे दिसत होते. हान यांनी त्यांना समुद्रावर आणि डोंगरांत घडवले; पण नुसते धीट करण्यासाठी नव्हे, तर संकटात सापडलेल्याला वाचवता यावे यासाठीही. साहसाला सेवेची जोड नसेल तर ते अपुरे राहते, ही त्यांची धारणा होती.

या जोडीचे आम्हाला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे इटलीतील तुरीन शहराचे पिअर जॉर्जो फ्रासाती. श्रीमंत घरचा हा तरुण सुट्टी मिळाली की आल्प्समध्ये चढाईला जाई, आणि शहरात असला की संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या कामातून गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये आजाऱ्यांकडे जाई. १९२५ साली, अवघ्या २४व्या वर्षी, पोलिओने तो गेला. आजाऱ्यांच्या सेवेतच त्याला ही लागण झाली असावी असे मानले जाते. अंत्ययात्रेला शहरातले गोरगरीब लोटले, तेव्हा कुठे घरच्यांना त्याच्या या दुसऱ्या चढाईचा पत्ता लागला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले.

आमचा निर्णय

युवा मंडळातली एक मुलगी (तिला विचारूनच लिहीत आहोत) त्या दिवशी सर्वांत शेवटी थांबली होती. मिस्सामध्ये वाचन करायला तिचे नाव लागले की ती आजारी पडते. तिने विचारले, "फादर, कड्यावरून उतरली तं मले वाचाले भेव नाई लागणार का?" आम्ही तिला खोटे सांगितले नाही. आम्ही म्हणालो, "बेटा, कडा उतरलीस म्हणून वाचनाची भीती आपोआप जाणार नाही. पण एक गोष्ट तुला कळेल, की पाय लटपटत असतानाही पाऊल टाकता येते. ते पाऊल मग वाचनाच्या जागी तुलाच टाकावे लागेल."

तेव्हा, बंधुभगिनींनो, शिबिर होईल. मुलगेही जातील, मुलीही जातील. भीती दोघांनाही सारखीच असते आणि आयुष्य दोघांपुढेही सारखेच उभे आहे. मात्र काही अटी आहेत. पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय जायचे नाही. दोर, पट्टे, हेल्मेट आणि शिकवणारे अनुभवी असतील, आणि ते आम्ही आधी स्वतः जाऊन पाहू. अठरा वर्षांखालील प्रत्येकासाठी आई-वडिलांची लेखी संमती लागेल. कड्याच्या टोकाला जाऊन ज्याला 'नको' वाटेल, त्याने सरळ मागे फिरावे. त्याला कुणी हसले तर हसणाऱ्याला जेवणानंतरची सगळी भांडी घासावी लागतील. पहिल्या उतरणीला मोबाईल बंद राहतील.

आणखी एक अट आहे. शिबिरावरून आल्यावर महिनाभराच्या आत प्रत्येकाने आपला दुसरा कडा निवडायचा आहे. ज्याने बापापासून परीक्षेचा निकाल लपवला आहे, त्याने तो सांगावा. ज्याचे भावाशी बोलणे बंद आहे, त्याने एक शब्द बोलावा. ज्याला रुग्णाच्या खोलीत शिरायची भीती वाटते, त्याने आमच्याबरोबर रुग्णांना ख्रिस्तप्रसाद द्यायला यावे. काय निवडले हे आम्हाला सांगण्याची गरज नाही. पण एकट्याने जाऊ नये. दोराचे दुसरे टोक धरायला कुणाला तरी सांगावे. आईला, मित्राला, एखाद्या आजीला. प्रार्थनेत ते प्रभूच्या हाती द्यावे, तो ढकलत नाही.

पालकांना एक विनंती. मुले कड्यावर असतील तेव्हा आपल्या छातीत धडधडेल. ती भीती खरी आहे आणि ती प्रेमातूनच येते. पण दोर पकडणाऱ्याने तो इतका आखडून धरू नये की मुलाला पाऊलच टाकता येऊ नये.

पुढच्या रविवारी नऊच्या मिस्सानंतर सभागृहात पालकांची बैठक आहे. संमतीचे अर्ज तिथेच मिळतील. आपण सर्वांनी यावे. त्या दिवशीचे पहिले वाचन कोण करणार, ते आम्ही आधी सांगणार नाही. तिला थोडा वेळ हवा आहे.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू